पेंगणारा माणूस

पत्त्यांच्या डावात हाती उत्तम पाने आली असताना कोणी झोपी जाईल, ही गोष्ट सहजासहजी पटण्याजोगी नाही. तथापि १९५६ साली एका अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या लेखात अशाच एका गृहस्थाची हकीकत आली आहे. वय ५१ वर्षे, व्यवसायात वरिष्ठ अधिकाराची जागा, उंची बेताची, वजन मात्र १२० किलोच्या घरात. आठवड्यातून एकदा मित्रमंडळींत पोकर खेळावयास बसण्याचा त्याचा परिपाठ होता. एके रात्री त्याच्या हाती तीन एक्के आणि दोन राजे आले. डाव हमखास जिंकून देणारी ती पाने. परंतु त्यांचा उपयोग करण्यापूर्वीच त्याचा डोळा लागला आणि डाव हातचा गेला. त्यानंतर थोड्याच दिवसांत तो आपण होऊन रुग्णालयात दाखल झाला. दिवसाढवळ्या येणाऱ्या झोपेकडे तोपर्यंत त्याने फारसे लक्ष दिले नव्हते.

त्या लेखाच्या लेखकांनी या विकाराला जे नाव दिले ते वैद्यकाच्या पोथीतून न घेता एका कादंबरीतून घेतले. चार्ल्स डिकन्सची ‘पिकविक पेपर्स’ ही कादंबरी १८३६ व १८३७ साली क्रमशः प्रसिद्ध झाली. तीत जो नावाचा एक लठ्ठ पोरगा आहे. तो गाडीवर बसल्या बसल्या झोपतो, दार ठोठावता ठोठावता उभ्यानेच झोपतो, आणि जागा असतो तेव्हा खातो. वाचकांच्या पिढ्यांमागून पिढ्या या पोराला हसल्या. डिकन्सने केवढ्या बारकाईने एका रोग्याचे चित्र काढून ठेवले आहे हे वैद्यांच्या ध्यानी यावयास मात्र सुमारे १२० वर्षे जावी लागली.

इंग्रजी वाचकांना हसण्याचे कारण नाही. आपल्याकडेही काही वेगळे घडलेले नाही. कुंभकर्णाचे नाव घराघरांत घेतले जाते ते उशिरा उठणाऱ्या मुलाला उठवताना. ढोल, शंख, हत्ती यांच्या साहाय्याने त्याला जागे करण्याचा प्रसंग कीर्तनात हमखास रंगतो. जागा झाल्यावर याच कुंभकर्णाने रावणाच्या अविचाराबद्दल त्याची भर सभेत कानउघाडणी केली, हा वाल्मीकींनी सांगितलेला भाग फारसा कोणाच्या स्मरणात राहत नाही. समर्थ रामदासांनी दासबोधाच्या अठराव्या दशकात निद्रानिरूपणाला एक स्वतंत्र समास दिला आहे. जांभया, आळोखेपिळोखे, घोरणे, यांतले त्यांच्या दृष्टीतून फारसे काही सुटलेले नाही. त्या समासापाठोपाठ येतो तो श्रोत्यांच्या अवलक्षणांचा समास. समोर बसून पेंगणाऱ्या श्रोत्यांचा अनुभव समर्थांना चांगलाच असावा. आकाशवाणीवरील वक्त्याला तो येत नाही, एवढाच त्याचा फायदा.

थट्टेपर्यंत गोष्ट राहिली तर बिघडत नाही. परंतु दिवसा पेंगणारा माणूस जगाला मुख्यतः नीतिदृष्ट्या उणा वाटतो. तो आळशी, ऐदी, बेफिकीर ठरतो. वस्तुतः आळस आणि पेंग या दोन अगदी निराळ्या गोष्टी आहेत. आळशाला काम करावयाचे नसते. पेंगणाऱ्याला ते करावयाचे असते आणि तरीही पापण्या जुमानत नाहीत. थकवाही आणखी निराळा. थकलेला माणूस बसला म्हणजे त्याला बरे वाटते. पेंगणारा माणूस बसला म्हणजे झोपतो. या तिन्हींची गल्लत घरात होते, कचेरीत होते आणि कित्येकदा दवाखान्यातही होते. रोगी ‘अशक्तपणा आहे’ म्हणून सांगतो, शक्तीचे औषध घेऊन परत जातो, आणि बसमध्ये पुन्हा शेजाऱ्याच्या खांद्यावर मान टाकतो.

दिवसा येणारी प्रत्येक डुलकी हा रोग नव्हे, हेही येथेच सांगितले पाहिजे. माणूस जागा असतो त्या प्रत्येक तासागणिक मेंदूत ॲडेनोसिन नावाचे द्रव्य साचत जाते आणि झोपेचा भार वाढतो. चहा-कॉफीतील कॅफिन या द्रव्याचा मार्ग अडवते म्हणून तरतरी येते. याखेरीज शरीरात सुमारे २४ तासांचे एक घड्याळ चालू असते. पेशीपेशींतील या घड्याळाची घडण उलगडून दाखवणाऱ्या हॉल, रॉसबाश आणि यंग या तीन अमेरिकन शास्त्रज्ञांना २०१७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. या घड्याळाच्या चालीत दुपारी एक लहानसा उतार येतो; भोजन केले नाही तरी तो येतो. तेव्हा पुणेकरांची वामकुक्षी ही निसर्गाला धरूनच आहे, तिच्यावर कोणी कितीही विनोद केले तरी. चरकानेही दिवसा झोपण्यास सामान्यतः मना केली असली तरी ग्रीष्मात, रात्री लहान असतात म्हणून, तिला मोकळीक दिली आहे. प्रश्न उभा राहतो तो रात्रभर झोपूनही ज्याची झोप पुरी होत नाही अशा माणसाचा.

असा माणूस बहुधा घोरणारा असतो. आपल्याकडे घोरणे हे गाढ झोपेचे लक्षण समजले जाते, आणि हाच मोठा घोटाळा आहे. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात. ज्याचा घसा मुळात अरुंद आहे, मानेभोवती मेद साचला आहे किंवा खालचा जबडा मागे आहे, त्याचा श्वासमार्ग या सैलपणामुळे मिटतो. छाती आणि पोट श्वासासाठी धडपडत असतात, पण हवा आत जात नाही. दहा सेकंद, वीस सेकंद, क्वचित त्याहूनही अधिक काळ हे चालते. रक्तातील प्राणवायू उतरतो, मेंदू धोक्याची सूचना देतो, आणि माणूस घुसमटून, मोठा घोरका आवाज करून क्षणभर जागा होतो. लगेच पुन्हा झोपतो. सकाळी त्याला यातले काहीएक आठवत नाही. तासाभरात असे पाच खंड पडले तरी तज्ज्ञ त्याची नोंद घेतात. तीव्र विकारात ते तासाला तिसाच्या वर जातात. आठ तासांच्या निद्रेत दोनशे चाळीस वेळा ज्याला कोणी गदागदा हलवून उठवले, त्याने दुसऱ्या दिवशी टेबलावर मान टाकली तर त्यात नवल कोणते! पोकर खेळणाऱ्या त्या गृहस्थाच्या काळी हा उलगडा झालेला नव्हता. रक्तात कार्बन डायऑक्साइड साचल्याने झोप येते अशी त्याच्या वैद्यांची समजूत होती. झोपेतच श्वास अडतो हे १९६५ साली फ्रान्स आणि जर्मनीतील संशोधकांनी रात्रभर रोग्यांची निरीक्षणे करून दाखवून दिले.

हा केवळ पाश्चात्त्यांचा किंवा अतिस्थूल माणसांचाच रोग असे मानण्याचे कारण नाही. मुंबईचे डॉ. झरीर उदवाडिया आणि त्यांचे सहकारी यांनी २००४ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, शहरातील ३५ ते ६५ वर्षे वयाच्या, वरवर निरोगी असलेल्या पुरुषांपैकी शेकडा सुमारे साडेसात जणांना झोपेतील श्वासरोध आणि त्याबरोबर दिवसाची पेंग, असे दोन्ही आढळले. ही माणसे कोणताही आजार घेऊन आलेली नव्हती. ती रोजच्यासारखी लोकलने कामावर जात होती.

कचेरीत अशा माणसाचे काय होते ते पाहण्यासारखे आहे. सकाळच्या पहिल्या तासात त्याचे काम ठीक चालते. अकराच्या सुमारास टिप्पणीतील ओळी एकमेकींत मिसळू लागतात. तो उठतो, तोंडावर पाणी मारतो, चहा मागवतो. बैठकीत तो मुद्दाम खिडकीजवळ बसतो, पेन घट्ट धरतो, मांडीला चिमटे घेतो. तरी साहेबांचे बोलणे चालू असता मान पुढे कलते आणि समोरच्या कागदावर शाईची एक वाकडी रेघ ओढली जाते. ती रेघ सर्वांना दिसते. त्याआधीची अर्ध्या तासाची झुंज कोणालाच दिसत नाही. वर्षाअखेर गोपनीय अहवालात ‘कामात लक्ष नाही’ एवढे तीन शब्द उमटतात. अहवाल लिहिणारा अधिकारी दुष्ट नसतो. त्याने जे पाहिले तेच लिहिलेले असते. कार्यालयांत दृष्टी तपासण्याची, रक्तदाब मोजण्याची शिबिरे भरतात. पेंगणाऱ्या माणसाची झोप तपासावी असे मात्र सहसा कोणास सुचत नाही. शिस्तभंगाची नोटीस अधिक सोपी असते.

घरी त्याची दुसरी कसोटी लागते. मुलगा गणित घेऊन येतो आणि उत्तर निघण्यापूर्वी वडील झोपलेले असतात. पाहुण्यांसमोर, लग्नाच्या पंगतीत, नाटकाच्या पहिल्या अंकात तेच घडते. हळूहळू माणूस निमंत्रणे टाळू लागतो. अपुऱ्या झोपेने स्मरण मंदावते, चिडचीड वाढते, रक्तदाब चढतो. उदासपणा येतो आणि तो झोपेमुळे आला की झोप त्याच्यामुळे बिघडली हे ठरविणे कठीण होते. पत्नीची तर दुहेरी शिक्षा असते. रात्री ती त्याच्या घोरण्याने जागी राहते, आणि घोरणे एकाएकी थांबले म्हणजे श्वास चालू आहे ना हे पाहण्यासाठी जागी राहते. स्वतः ती दिवसा पेंगली तर तिच्याकडे पाहावयासही कोणाला सवड नसते. स्त्रियांना, विशेषतः ऋतुनिवृत्तीनंतर, हा विकार होतो. पण बाईमाणसाने आपण घोरतो असे वैद्याला सांगावे हे अजून आपल्या समाजात अवघड आहे, आणि न सांगितलेला रोग बहुधा ‘दगदग’ या नावाखाली जमा होतो.

याहून विरळ, आणि याहून चमत्कारिक, असा एक दुसरा विकार आहे. १८८० साली जेलिनो नावाच्या एका फ्रेंच डॉक्टराने त्याचे वर्णन केले आणि त्याला नार्कोलेप्सी हे नाव दिले. त्याचा रोगी मद्याच्या पिंपांचा व्यापार करणारा, ३८ वर्षांचा गृहस्थ होता. त्याला दिवसातून दोनशेपर्यंत झोपेचे झटके येत. जेवताना हातातला घास तसाच राही. पॅरिसच्या प्राणिसंग्रहालयात माकडांच्या पिंजऱ्यासमोर तो उभा असता त्याला झोप लागली, आणि जमलेल्या लोकांना माकडांपेक्षा अधिक करमणुकीचा विषय सापडला. परंतु त्याची खरी व्यथा आणखी वेगळी होती. तो खळखळून हसला, की त्याच्या पायांतली शक्ती नाहीशी होई. चांगला सौदा जमणार असे दिसले की गुडघे मोडत. पत्ते खेळताना उत्तम पाने आली तर हात हलेनासा होई. पुढे या स्नायूंच्या सैलपणाला कॅटाप्लेक्सी असे नाव मिळाले. येथे शुद्ध हरपत नाही. माणूस सारे ऐकत असतो, पाहत असतो, फक्त जमिनीवर कोसळलेला असतो. दोन खंडांतल्या, सुमारे पाऊण शतकाच्या अंतराने झालेल्या या दोन रोग्यांचा पत्त्यांच्या डावाशी संबंध यावा हा निव्वळ योगायोग. दोघांचे विकार अगदी भिन्न.

या विकाराचे रोगी पुढे पुढे हसणेच सोडतात. विनोदी मित्र दिसला तर रस्ता बदलतात, लहान मुलाला उचलून घेताना आधी भिंतीला पाठ टेकवतात. आनंदाला भिऊन वागणारा माणूस लोकांना घुमा वाटतो, आणि लोकांनी तसे समजावे हेच त्याला सोयीचे वाटू लागते. विकाराची सुरुवात बहुधा कुमारवयात किंवा तारुण्याच्या आरंभी होते. म्हणजे नेमकी शाळेच्या वर्गात. मागच्या बाकावर बसविणे, उभे करणे, अंगठे धरावयास लावणे, हे उपचार तेथे प्रथम होतात. झोप लागता लागता किंवा जाग येता येता डोळ्यांसमोर आकृती दिसणे आणि शरीर जखडल्यासारखे होणे हीही या रोगाची लक्षणे आहेत. अशा मुलाला वैद्याकडे नेण्याऐवजी देवऋष्याकडे नेले गेले तर त्यात कोणा एकाचा दोष काढता येणार नाही; लक्षणेच तशी असतात. योग्य निदान व्हावयास पुष्कळदा अनेक वर्षे लागतात, आणि तोवर शिक्षण हातचे गेलेले असते.

कारण मात्र आता बरेच कळले आहे. १९९८ साली दोन संशोधक-गटांनी स्वतंत्रपणे मेंदूतील एक द्रव्य शोधले. एकाने त्याला हायपोक्रेटिन म्हटले, दुसऱ्याने ओरेक्सिन. पुढच्याच वर्षी अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात नार्कोलेप्सी असलेल्या कुत्र्यांवरील अभ्यासातून या द्रव्याचा आणि रोगाचा संबंध उघड झाला. ही कुत्री आवडते खाणे पुढे ठेवले की आनंदाने तेथेच कोसळत. २००० साली माणसांच्या मेंदूतही पुरावा मिळाला. ओरेक्सिन निर्माण करणाऱ्या पेशींची संख्या अब्जावधी पेशींच्या मेंदूत लाखभरही नाही. या रोग्यांत त्या जवळजवळ सर्व नष्ट झालेल्या असतात. जागेपणाला टेकू देणारा खांब निखळावा तशी ही अवस्था. चारित्र्याचा तिच्याशी काडीचाही संबंध नाही.

उरले ते सर्वांत मोठे कारण, जे रोग नाही आणि ज्यावर औषधही नाही: झोपावयास वेळच न मिळणे. मुंबईच्या गिरणगावात, गिरण्या जोरात होत्या त्या काळी, एकाच खोलीत पाळीपाळीने माणसे झोपत. रात्रपाळीचा कामगार परते तेव्हा दिवसपाळीच्या कामगाराची वळकटी नुकतीच उचललेली असे. १९८२ च्या संपानंतर त्या गिरण्या मावळल्या, पण पाळ्या मावळल्या नाहीत. त्या रुग्णालयांत, पहारेकऱ्यांच्या खुर्च्यांवर, दूरदेशीच्या ग्राहकांशी रात्री बोलणाऱ्या कचेऱ्यांत जाऊन बसल्या. विदर्भ-मराठवाड्यात शेतीची वीज कित्येक गावांना रात्रीच्या पाळीत मिळत आली आहे. पिकाला पाणी द्यावयाचे तर शेतकऱ्याने मध्यरात्री विंचूकाट्यांतून विहिरीवर गेले पाहिजे, आणि सकाळी गुरे त्याची वाट पाहतातच. कर्जत-कसाऱ्याहून पहाटेची गाडी धरणारा माणूस काही आवड म्हणून उभ्याने डुलक्या घेत नाही. सवयीने कमी झोपेवर भागते अशी एक समजूत आहे. अमेरिकेत २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात निरोगी माणसांना दोन आठवडे रोज सहा तासच झोपू दिले. त्यांची सावधानता, सबंध रात्र जागून काढलेल्या माणसाइतकी खालावली; आणि त्यांना स्वतःला मात्र आपण फारसे पेंगलेले आहोत असे वाटत नव्हते. ही शेवटची गोष्ट सर्वांत घातक आहे.

कारण तोच माणूस गाडी चालवतो. ताशी १०० किलोमीटर वेगाच्या मोटारीत चालकाचा डोळा अवघे चार सेकंद लागला तर गाडी ११० मीटर अंतर चालकाविना जाते. पहाटेचे दोन ते सहा आणि भर दुपार, या वेळा शरीराच्या घड्याळाप्रमाणेच धोक्याच्या. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटर लांब, सरळ आणि एकसुरी आहे. अशा रस्त्यावर कौशल्यापेक्षा विश्रांतीची गरज अधिक. आगगाडीच्या इंजिनात चालकाने सुमारे मिनिटभर कोणतीच हालचाल केली नाही तर सूचना देणारे, आणि तरीही प्रतिसाद न मिळाल्यास गाडी थांबविणारे यंत्र रेल्वेने बसविले आहे. मालमोटारीच्या चालकाला सावध करणारा बहुधा शेजारी बसलेला क्लीनर. आणि तोही झोपलेला असतो.

श्वासरोधावरचा उपाय १९८१ साली ऑस्ट्रेलियातून आला. त्यापूर्वी तीव्र विकारात गळ्याला भोक पाडून श्वासाची वाट करून देण्यावाचून गत्यंतर नसे. सिडनीचे डॉ. कॉलिन सलिव्हन यांनी धूळ ओढणाऱ्या यंत्राची मोटर उलट कामाला लावली आणि नाकावरील मुखवट्यातून मंद दाबाने हवा सोडून घसा रात्रभर उघडा ठेवला. वर्षांनुवर्षे न झोपलेली माणसे सकाळी ताजीतवानी उठली. ‘सी-पॅप’ या नावाने हे यंत्र आज भारतातील मोठ्या शहरांत मिळते. स्वस्त नाही, आणि मुखवटा बांधून झोपणे प्रारंभी नकोसे वाटते. पुष्कळांना वजन उतरविल्याने, कुशीवर झोपल्याने, रात्रीचे मद्य सोडल्यानेही गुण येतो. नार्कोलेप्सी समूळ बरी करण्याचे औषध अजून नाही. जागेपण टिकविणाऱ्या गोळ्या आहेत, आणि ठरलेल्या वेळी पंधरा-वीस मिनिटांची झोप हा एक साधा उपाय आहे. कार्यालयाने एक कोपरा आणि वीस मिनिटे दिली तर असा माणूस उरलेला दिवस इतरांइतकेच काम करू शकतो. पण त्या वीस मिनिटांना नियमपुस्तिकेत शीर्षक सापडत नाही.

प्रथम तपासणीसाठी यंत्रही लागत नाही. मेलबर्नच्या एपवर्थ रुग्णालयातील डॉ. मरे जॉन्स यांनी १९९१ साली आठ प्रश्नांचा एक साधा तक्ता प्रसिद्ध केला. वाचताना, दूरचित्रवाणी पाहताना, सभेत किंवा नाट्यगृहात स्वस्थ बसले असता, तासभर मोटारीत प्रवासी म्हणून जाताना, दुपारी आडवे झाल्यावर, कोणाशी बोलत बसले असता, जेवणानंतर मद्य न घेता शांत बसल्यावर आणि रहदारीत गाडी काही मिनिटे थांबली असता डोळा लागण्याचा संभव कितपत, यास शून्य ते तीन गुण द्यावयाचे. बेरीज दहाच्या वर गेली तर वैद्याचा सल्ला घ्यावा. नभोवाणीवरील भाषणे ऐकताना काय होते हा प्रश्न डॉ. जॉन्स यांनी घातलेला नाही. चतुर वैद्य या तक्त्याच्या दोन प्रती देतात. एक रोग्याला आणि दुसरी, त्याच्या नकळत भरावयास, त्याच्या पत्नीला. पतीची बेरीज सहा भरते आणि पत्नीची सोळा. मग बाहेरच्या बाकावर, आपला क्रमांक येईतो, पतीचा डोळा लागलेला असतो.